तेरा हजारांचा पगार, बीएमडब्ल्यूचं स्वप्न आणि हरवलेलं 'पुरेसं'

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शहरातलं एक प्रकरण देशभरच्या वाहिन्यांवर गाजलं. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलात कंत्राटी पद्धतीनं काम करणाऱ्या २३ वर्षांच्या एका संगणक चालकानं संकुलाच्या बँक खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये वळवल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. त्याचा महिन्याचा पगार होता १३ हजार रुपये. बीएमडब्ल्यू गाडी, महागडी दुचाकी, विमानतळाच्या परिसरातला फोर-बीएचके फ्लॅट अशी खरेदीची यादी पेपरात छापून आली. दोष कोणाचा आणि किती, हे न्यायालय ठरवेल. मला लिहायचंय ते त्या बातमीनंतर आठवडाभर वस्तीत जे ऐकलं त्याबद्दल.

मी ज्या अभ्यासिकेत जाते तिथली पोरं एमपीएससी, पोलीस भरती, बँकिंगची तयारी करतात. चोरी वाईट, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. पण एकजण म्हणाला, "ताई, चुकलंच त्याचं. पण तेरा हजारांत तो असा किती पुढं जाणार होता?" दुसऱ्यानं विषय पुढं नेला. "चोरी सोडा. मेहनतीनंच मोठा पैसा कमवायचा ठरवला, तर दहा वर्षं झोप, घरदार, मित्र सगळं सोडावं लागतं म्हणतात. सोडलं तर काय बिघडलं? आमच्या आईबापानं तरी काय वेगळं केलं? त्यांनी आयुष्य जाळलं आणि हातात काहीच आलं नाही."

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. "पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे" हे वाक्य ओठांवर आलं होतं, पण ज्याच्या घरात दर आठवड्याला गटाचा हप्ता भरायला उसनवारी होते त्याला ते ऐकवायची मला लाज वाटली. म्हणून हा लेख.

मधल्या पायऱ्या कोणी काढल्या?

आधी हा प्रश्न आजच इतक्या जोरात का येतोय ते पाहू. बाबासाहेबांनी १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केलं, पुढं ते मिलिंद महाविद्यालय झालं. नागसेनवनाच्या वसतिगृहांत राहून मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली मुलं शिकली. त्यांच्यासमोर एक शिडी होती. शिक्षण, मग शिक्षकाची, बँकेची, एसटीची, वीज मंडळाची, विद्यापीठातली नोकरी, मग सिडकोत दोन खोल्या, मग मुलांचं शिक्षण. १९८०च्या दशकात वाळूजला कारखाने आले, तिथं कायम झालेल्या कामगारांनाही अशीच शिडी मिळाली. ही माणसं श्रीमंत झाली नाहीत. पण महिन्याच्या शेवटी उधारी चुकती करता येईल, दुखण्याखुपण्यात दवाखाना गाठता येईल, १४ एप्रिलला नवे कपडे येतील आणि विहाराच्या बांधकामाला शंभर-पाचशेची पावती फाडता येईल, एवढं त्यांच्याकडं होतं. त्यांच्यातूनच नामांतराच्या लढ्याला माणसं आणि वर्गणी मिळाली.

आज त्या शिडीच्या मधल्या पायऱ्या गायब आहेत. सरकारी काम कंत्राटदारामार्फत, कारखान्यातलं काम कंत्राटदारामार्फत, अगदी शाळा-महाविद्यालयांतलं शिकवणंही तासिका तत्त्वावर. सेट-नेट झालेली आमची मुलं-मुली वर्षातले काही महिने तासिकांच्या मानधनावर काढतात, ते मानधनही सहा-सहा महिने थकतं. बिडकीनला टोयोटाच्या सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार जुलै २०२४ मध्ये झाला, त्याच्या बातम्या वस्तीतही आनंदानं वाचल्या गेल्या. पण तिथं कायम नोकऱ्या किती आणि कंत्राटी किती, हे विचारणारा आवाज शहरात फारसा उमटला नाही.

म्हणजे तरुणाच्या डोळ्यांसमोर उरतात दोनच चित्रं. एका टोकाला तेरा हजार, दुसऱ्या टोकाला बीएमडब्ल्यू. मधलं काही दिसतच नाही. मग "पुरेसं" हा शब्दच भाषेतून जातो आणि माणूस थेट "भरपूर"कडं उडी मारायला बघतो. आमच्या पोरांना हाव सुटलीय असं म्हणणाऱ्यांनी आधी या मधल्या पायऱ्या कोणी काढून नेल्या ते सांगावं.

दीडशे मर्सिडीज आणि एक ट्रॅक्टर

या शहराला श्रीमंतीच्या प्रदर्शनाचा जुना अनुभव आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी. "औरंगाबाद बदलतंय" म्हणून कौतुकाचे रकाने भरले. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यातली दुसरी बाजू दाखवली. या गाड्यांसाठी सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेनं ४० कोटींहून अधिक कर्ज ७ टक्क्यांच्या आसपास व्याजानं दिलं होतं. त्याच काळात मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याच्या जवळपास दुप्पट व्याज मोजावं लागत होतं.

हे इथं सांगण्याचं कारण एवढंच की "त्याग करा, श्रीमंत व्हा" हे गणित सगळ्यांसाठी सारखं नसतं. ज्याच्या मागं जमीन आहे, बँकेत ओळख आहे, जामीन राहणारा काका आहे, त्यानं धंद्यात दहा वर्षं घातली आणि बुडाला तर तो परत उभा राहतो. आमचा पहिल्या पिढीतला मुलगा बुडाला तर त्याच्याबरोबर आईचे दागिने, बापाचा भविष्य निर्वाह निधी आणि बहिणीचं शिक्षण बुडतं. त्यागाची रक्कम सारखीच लिहिलेली असते, पण ती वसूल वेगवेगळ्या घरांतून होते.

बिल कोण भरतं?

माझ्या कामाच्या भागातलं एक घर. मुलगा बी.कॉम. झालेला, हुशार, निर्व्यसनी. मोबाईलवर ऑप्शन ट्रेडिंग शिकला. सुरुवातीला दोन-तीनदा फायदा झाला, तसा आत्मविश्वास वाढला. रात्री दोनपर्यंत चार्ट, सकाळी नऊपासून पुन्हा मोबाईल. जेवायला बोलावलं तरी चिडायचा. "एकदा मोठी रक्कम आली की सगळं ठीक होईल," हे त्याचं वाक्य. पैसे संपले तेव्हा आईनं बचत गटातून त्याच्यासाठी कर्ज उचललं, कारण सांगितलं शिलाई मशीनचं. तेही गेलं. पुढं दर आठवड्याला गटातल्या बाया दारात बसू लागल्या. धाकट्या बहिणीनं नर्सिंगचा प्रवेश रद्द केला आणि एका दुकानात कामाला लागली. पोरानं झोप सोडली होती, मित्र सोडले होते, विहारात येणं सोडलं होतं. तो त्याला त्याग म्हणत होता. खरा त्याग त्याच्या बहिणीला करावा लागला, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं.

हे एकट्या घराचं दुर्दैव समजू नका. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांपेक्षा कमी सांगितलं होतं. शंभरातल्या सातांचे रील आपण बघतो. त्र्याण्णवांच्या आया गटाच्या बैठकीत खाली मान घालून बसलेल्या असतात.

फसवणुकीच्या योजनांचीही हीच कथा. 'तीस-तीस'नं बिडकीन-पैठण पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचे भूसंपादनाचे पैसे ३० टक्के परताव्याच्या आमिषानं नेले. २०२३ मध्ये शहरातल्या आदर्श नागरी पतसंस्थेचा सुमारे २०० कोटींचा घोटाळा उघड झाला, तेव्हा रस्त्यावर आलेल्या ठेवीदारांत म्हातारी माणसं आणि मोलमजुरी करणाऱ्या बायाही होत्या. कोणाची तरी अफाट श्रीमंतीची घाई, आणि त्याचं बिल भरणारे हे लोक.

आणि जे प्रामाणिकपणे कष्ट करून वर गेले त्यांचं काय? आमच्याच समाजातले एक उद्योजक मी ओळखते. वाळूजमध्ये छोटं वर्कशॉप, साठेक कामगार. वय एक्केचाळीस, हृदयाला स्टेंट बसलेला. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली, ते आठव्या दिवशी कामावर होते. मी रागावले तर म्हणाले, "ताई, मोठ्या कंपन्या बिलं तीन-चार महिने अडवतात. मी थांबलो तर साठ घरांचा पगार कोण देणार? आमच्या मागं कोण आहे?" सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असं २००६चा कायदा सांगतो. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, म्हणून कोणी तक्रार करत नाही. या माणसानं हृदय गहाण ठेवलं ते हावेपोटी नाही. व्यवस्थेनं त्याच्यापुढं दुसरा मार्गच ठेवला नाही.

उलट ज्यांच्याकडं सगळं आहे ते काय सांगतात? नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं विधान जानेवारी २०२५ मध्ये गाजलं. दरम्यान जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी वारली. कामाच्या ताणानं लेकीचा जीव घेतला, असं तिच्या आईनं कंपनीला पत्र लिहून कळवलं. तास मोजायला सांगणारे वेगळे आणि तास भरणारे वेगळे, हे आपण विसरायला नको.

बाबासाहेबांच्या अठरा तासांचा दुरुपयोग

हल्ली प्रेरणादायी व्हिडिओंमध्ये एक गोष्ट हमखास येते. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, म्हणून तुम्हीही अठरा तास राबा आणि करोडपती व्हा. यातला पहिला भाग घेऊन दुसरा चिकटवणं ही लबाडी आहे. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, बॅरिस्टरी आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध हाती असलेल्या माणसाला पैसा कमवायचा असता तर त्या काळात ते कितीतरी कमवू शकले असते. त्यांनी ग्रंथ जमवले, संस्था उभ्या केल्या, आणि आपल्या ज्ञानाची सगळी मिळकत समाजाच्या खात्यावर जमा केली.

त्या त्यागाची किंमतही थोडी नव्हती. रमाईंची चार मुलं गेली, १९३५ मध्ये त्या स्वतः गेल्या. बाबासाहेबांनी ही किंमत लपवली नाही. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंना अर्पण केला. म्हणजे ज्यांच्या त्यागावर आपण उभे आहोत त्यांचं ऋण त्यांनी जाहीरपणे मान्य केलं. अठरा तासांचा दाखला देणाऱ्यानं आपल्या घरातली रमाई कोण, तिला विचारलं का, आणि हे सगळं कशासाठी चाललंय, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी द्यावीत.

दुसऱ्या बाजूला, "बौद्धांनी साधं राहावं, पैशाच्या मागं लागू नये" असं सांगणाऱ्यांनाही बाबासाहेब आडवे येतात. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात धर्मानं दारिद्र्याला पवित्र किंवा उदात्त ठरवता कामा नये, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. गरिबीचा गौरव ही आमची शिकवण नाही. गरिबी आमच्यावर लादली गेली होती.

दीघजाणूचा प्रश्न

अभ्यासिकेतल्या मुलाचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थानं तथागतांना विचारला होता. आम्ही संसारी माणसं, मुलाबाळांत राहतो, चंदन लावतो, सोनं-चांदी वापरतो, आमच्या सुखासाठी काही सांगा. तथागतांनी त्याला संसार सोडायला सांगितलं नाही. चार गोष्टी सांगितल्या. आपल्या व्यवसायात कौशल्य आणि उद्योगीपणा. कष्टानं, न्यायानं मिळवलेल्याचं रक्षण. चांगल्या माणसांची संगत. आणि समजीविता, म्हणजे मिळकत व खर्च तराजूसारखा तोलून फार उधळेपणा नाही आणि फार कंजूषपणाही नाही असं जगणं. संपत्ती वाहून जाण्याच्या चार वाटांत त्यांनी व्यभिचार, दारू आणि वाईट संगतीबरोबर जुगारही घातला. मोबाईलवरच्या ऑप्शनच्या खेळाला आपण कोणत्या वाटेत धरायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली आहेत. संपत्ती असण्याचं, ती उपभोगण्याचं, कर्ज नसण्याचं आणि निर्दोष असण्याचं. यातलं तिसरं सुख, अनण सुख, मला आजच्या काळात सगळ्यात मोलाचं वाटतं. दारात कोणी वसुलीला येत नाही, हे सुख आमच्या आज्यांना माहीत होतं. हप्त्यावरच्या मोबाईलपासून हप्त्यावरच्या गाडीपर्यंत सगळं आधी घेऊन मग कमवायला पळणारी आपली पिढी ते विसरलीय.

कोसल संयुत्तात श्रावस्तीच्या एका सेठाची गोष्ट आहे. तो निपुत्रिक मेला तेव्हा राजा प्रसेनजितानं त्याचं धन राजवाड्यात नेलं. ऐंशी लाखांचं सोनंच होतं, चांदी वेगळी. आणि हा माणूस जगला कसा? कण्यांचा भात आणि आंबट पेज खाऊन, जाडंभरडं नेसून, मोडक्या रथातून. तथागत म्हणाले, असं धन निर्जन ठिकाणच्या तळ्यासारखं असतं. पाणी स्वच्छ, पण कोणी पीत नाही, कोणी अंघोळ करत नाही, नुसतंच आटून जातं. यात धनाची निंदा नाही. ज्या धनानं मिळवणाऱ्याला, घरच्यांना, कामगारांना, समाजाला काहीच दिलं नाही, त्यासाठी केलेला त्याग फुकट गेला, एवढंच सांगितलंय.

पितळखोऱ्याचे दाते

कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. आपल्याकडचे तरुण वेरूळ-अजिंठ्याला जातात, तिथं कमी जातात. तिथल्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं कोरली आहेत. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, गंधिक कुळातल्या मितदेवानं एक खांब दान दिल्याचा उल्लेख आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. मगिल नावाच्या राजवैद्याचं नावही आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हा व्यापारी किती श्रीमंत होता, त्याच्या दारात किती रथ होते, हे आज कोणालाच माहीत नाही. त्यानं एक खांब दिला, तेवढं उरलंय. आणि अख्खं लेणं त्यानं एकट्यानं कोरलेलं नाही. कोणी एक खांब, कोणी एक खोली, असं मिळून ते झालं.

समाजात भांडवल आलं पाहिजे, हे मीही मानते. २००५ मध्ये डिक्की स्थापन झाली, कल्पना सरोज यांच्यासारख्या आपल्या भागिनीनं बंद पडलेली कंपनी चालवून दाखवली, याचा अभिमान आहेच. सरकारी खरेदीत ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून घेण्याचं धोरण २०१२पासून कागदावर आहे, ते पुरं करून घ्यायला लढलंच पाहिजे. पण समाजातले पाच-दहा करोडपती म्हणजे समाजाची प्रगती नव्हे. शंभर घरांत प्रत्येकी एक खांब देण्याइतकं असणं, ही प्रगती.

मग करायचं काय?

विहारं आणि अभ्यासिका यांनी चार कामं हाती घ्यावीत असं मला वाटतं. एक, महिन्यातून एकदा घरच्या जमाखर्चावर आणि कर्जावर मोकळी चर्चा, त्यात आया आणि बहिणी बोलतील अशी. दुसरं, कुठल्याही झटपट परताव्याच्या योजनेची माहिती आधी विहारात मांडायची, कोणीतरी सेबी किंवा सहकार खात्याकडं तिची नोंद तपासेपर्यंत एकही रुपया द्यायचा नाही. तिसरं, किमान वेतन, कंत्राटी कामगारांचा भविष्य निर्वाह निधी आणि तासिका मानधन यांचे प्रश्न जयंतीच्या नियोजनाइतक्याच गांभीर्यानं घ्यायचे. चौथं, समाजातल्या छोट्या उद्योजकांनी एकत्र येऊन थकीत बिलांचे दावे लढायचे. एकट्यानं तक्रार केली तर ऑर्डर जाते. चाळीसजणांनी केली तर कंपनीला विचार करावा लागतो.

त्या मुलाला मी आता उत्तर देऊ शकते. तुझ्या आईबापानं आयुष्य जाळलं आणि हातात काही आलं नाही, हे खरं नाही. त्यांनी जाळलं म्हणून तू अभ्यासिकेत बसून हा प्रश्न विचारू शकतोस. तूही कष्ट कर, धंदा कर, पैसा कमव, लाजू नकोस. फक्त सुरुवात करण्याआधी एका कागदावर लिहून काढ. मला किती हवंय, त्यासाठी काय द्यावं लागेल, आणि ते माझ्या घरातलं कोण देणार आहे. मग तो कागद तुझ्या आईला आणि बहिणीला वाचून दाखव.

त्या बचत गटातल्या घरातली धाकटी या वर्षी पुन्हा नर्सिंगचा अर्ज भरतेय. गटातल्या बायांनीच तिच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी वर्गणी काढलीय. ज्यांचे पैसे त्या घरात बुडाले, त्याच बायांनी. त्यांच्यातली एकही श्रीमंत नाही. पण आपल्याकडं पुरेसं आहे, असं त्या दिवशी त्यांना वाटलं असणार.

जय भीम! नमो बुद्धाय!